मोठा कॅमेरा समोरच्यास द्यावा

मी, खाली सही करणार, धंदा फोटोग्राफी, वय सत्तरीच्या पुढे, या रस्त्यावर लहानथोरांत 'फोटोकाका' म्हणून ओळखला जाणारा, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, जेवणाच्या टेबलावर, स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला असून तो सोबत जोडला आहे. दाखला वाचून माझी पत्नी म्हणाली, "त्यांनी तुमची स्मरणशक्ती तपासली. अक्कल कुठे तपासली?" तिचे म्हणणे नोंदवून पुढे जातो.

हे लिहिताना मजवर कोणाचाही दाब नाही. गेल्या काही आठवड्यांत जो दाब होता तो मूत्राशयाचा होता, आणि तो उपचाराचा भाग होता. त्याविषयी योग्य त्या कलमात येईल.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. ज्यांच्या हाताखाली मी हा धंदा शिकलो, ते आमचे मालक काहीही न लिहिता गेले. त्यापायी दोन माणसांचे आयुष्यभराचे बोलणे तुटले. त्यांतला एक मी. माझ्या घरात तसे होऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

कलम १. राहते घर.

सदर घर, त्यातील सर्व सामानासह, माझ्या पत्नीस पूर्ण मालकी हक्काने मिळावे. 'तिच्या हयातीपुरते' असे शब्द वकिलांनी सुचवले होते, ते मी खोडले. तिला ते विकावेसे वाटले, भाड्याने द्यावेसे वाटले, भिंती गुलाबी कराव्याशा वाटल्या, तरी कोणी हरकत घेऊ नये. मुलांनी येताना आधी फोन करावा.

हे घर घेतले तेव्हा दोनच खोल्या होत्या, आणि त्यांतली एक मी फोटो धुण्यासाठी घेतली. खिडकीला काळा कागद डकवला, दाराला जाड पडदा लावला, आणि बाहेरून हिचा संसार सुरू झाला. मुले रांगायला लागली तेव्हा ती दाराशी पाट आडवा टाकून बसायची, कारण आतल्या ताटल्यांत रसायने असायची. भाजी निवडता निवडता विचारायची, "झालं का? लाल दिवा गेला का? आता उघडू का?" त्या खोलीत आता मशीनवर कपडे धुतले जातात. तरीही दमट हवेत तिथे अजून तो आंबूस वास येतो. ही म्हणते, येत नाही. मला येतो.

हिची माझी ओळख कशी झाली ते मुलांना अर्धवट माहीत आहे. ती टेलिफोन खात्यात नोकरीला लागली होती आणि ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. फोटो काढला दुसऱ्याने. मी आत, अंधारात, ताटलीतला कागद हलवत होतो. आधी भुवया आल्या, मग केसांचा भांग, मग मिटलेले डोळे. म्हणजे ही मला आधी ताटलीत दिसली, मग दारात. दारात आली ती भांडायला. "डोळे मिटलेला फोटो देतात का कुणी? ऑफिसात म्हणतील, ही कामावर झोपते." फोटो परत काढला. पुन्हा डोळे मिटले. पुढच्या खेपेला मीच बाहेर येऊन म्हणालो, "तुम्ही माझ्याकडे बघा, कॅमेऱ्याकडे बघू नका." तो फोटो तिच्या निवृत्तीपर्यंत चालला. तो माझ्या पाकिटात आहे. पाकीटही तिचेच.

कलम २. आजार, आणि त्यासंबंधी खुलासा.

हे कलम मालमत्तेचे नाही. वकील म्हणाले, वगळा. मी ठेवत आहे.

लघवीला वारंवार जावे लागू लागले, ते मी वयावर ढकलले. हिने ढकलू दिले नाही. रक्त तपासले, सुईने तुकडे काढून तपासले, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितले की प्रोस्टेटचा कर्करोग आहे, ग्रंथीच्या बाहेर गेलेला दिसत नाही, इंजेक्शने आणि किरण दोन्ही द्यावे लागतील. मी विचारले, "किरण म्हणजे काय दिसतं का?" त्या म्हणाल्या, "काहीच दिसत नाही, काही जाणवतही नाही." जन्मभर उजेडावर पोट भरलेल्या माणसाला न दिसणारा उजेड देणार होते. मला हसू आले. ही रडत होती, म्हणून आवरले.

इंजेक्शनांमुळे अंगातून वाफा निघू लागल्या. भर दुपारी, पंख्याखाली बसून मी घामाने निथळायचो. ही समोर बसून पुठ्ठ्याने वारा घालायची आणि म्हणायची, "मला हे सगळं होऊन गेलं तेव्हा तुम्ही विचारलं होतंत, स्वेटर काढ ना म्हणून." आणि शरीराची आणखी काही कामे बंद पडली. ती कोणती हे मोठ्यांना कळेल. त्याबद्दल मी तिला अडखळत काही सांगू लागलो, तर तिने माझा चष्मा काढला, पदराने पुसला, परत माझ्या नाकावर ठेवला आणि म्हणाली, "दिसतेय का मी?" म्हटले, दिसतेस. "मग झालं तर."

यापेक्षा जास्त लिहीत नाही. पण असे बोलणारी बायको ज्याच्या घरात आहे, त्याच्याबद्दल मागाहून कोणी 'बिचारा' म्हणू नये, अशी सक्त सूचना.

कलम ३. शिडी.

शेजारच्या दंतवैद्यांकडे माझी लाकडी शिडी आहे. ती त्यांचीच आहे असे ते आता मनापासून मानतात. सदर शिडी त्यांना देण्यात येत आहे. मात्र ती आपल्याला आत्ता मिळाली, आधी आपली नव्हती, हे त्यांना लेखी कळवावे.

कलम ४. मेव्हणे.

"फोटो काढणं म्हणजे काय, बटण दाबणं," असे माझे मेव्हणे प्रत्येक कौटुंबिक प्रसंगी म्हणत आले आहेत. त्यांना माझा छोटा स्वयंचलित कॅमेरा द्यावा. बटण उजव्या बाजूला आहे.

कलम ५. स्टुडिओ, आणि तो कोणाला का.

रस्त्यावरचा स्टुडिओ, वरच्या माळ्यासह, दिवे, स्टँड, संगणक, छपाईयंत्र आणि पाटीसह माझ्या मुलीस मिळावा. बँकेतील सर्व ठेवी माझ्या मुलास मिळाव्यात. दोन्हींची किंमत कमीजास्त आहे हे मला ठाऊक आहे. त्यावर वाद घालू नये, कारण वाद घालून झालेला आहे, आणि मी तो ऐकलेला आहे.

उपचार सुरू झाल्यावर मुलगा परगावची नोकरी सांभाळून, रजा टाकून इथे येऊन राहिला. रोज गाडी काढायचा, मला न्यायचा, आणायचा. मुलगी स्टुडिओ सांभाळून दवाखान्यात यायची. एके दिवशी मी कपडे बदलायच्या पडद्याआड पाठीमागच्या नाड्यांशी झटत होतो. दोघांना वाटले, मी आत यंत्राखाली आहे.

मुलगा म्हणाला, "स्टुडिओ विकून टाकू. बाबांना आता झेपत नाही."

"बाबांना विचारलंस?"

"त्यांना विचारलं तर ते काय हो म्हणणार आहेत?"

"म्हणजे मला पण विचारायचं नाही. मी तिथे नुसती बसते, असंच ना?"

"मी असं कुठे म्हटलं, ताई?"

"म्हटलंस. आत्ता म्हटलंस."

त्यानंतर घरात दोघांचे बोलणे आईमार्फत चालले. "त्याला सांग, चहा झालाय." "तिला सांग, मी घेतलाय." दोघेही चहाच्या एकाच टेबलाशी बसलेले. मला ते चांगलेच ओळखीचे होते. अशाच एका गप्प बसण्यात माझे तारुण्य आणि म्हातारपणाचा बराचसा भाग गेला. तो कसा, ते पुढच्या कलमात.

कलम ६. मोठा कॅमेरा.

लाकडी पेटीचा, भात्याचा, पितळी भिंगाचा जो मोठा कॅमेरा स्टुडिओत कापडाखाली असतो, तो समोरच्या स्टुडिओच्या मालकास द्यावा. होय, समोरच्याच. मुलांनी डोळे चोळून परत वाचू नये.

आमचे मालक अविवाहित होते आणि त्यांचा आवाज खणखणीत होता. त्यांच्या हाताखाली आम्ही दोघे एकाच सुमारास लागलो. तो दिव्यांवर, मी डार्करूमवर. मालकांना नावे लक्षात ठेवण्याचा कंटाळा. ते त्याला हाक मारायचे "उजेड!" आणि मला "अंधार!" गिऱ्हाइके दचकायची. आम्हाला सवय झाली. दुपारी दुकान बंद करून आम्ही तिघे मागच्या पायरीवर डबे सोडायचो, आणि मालक आमच्या डब्यांतले खाऊन नावे ठेवायचे. उजेड आवाजांची नक्कल करायचा. सरकारी साहेब, रडकं पोर, नव्या सुटातला जावई. मालकांचीही करायचा, त्यांच्यासमोर. ते हसत नसत, पण दुसऱ्या दिवशी म्हणत, "कालचं परत कर."

स्टुडिओत मोठ्या कॅमेऱ्यासमोर एक रंगवलेला पडदा होता. संगमरवरी जिना, कठडा, मागे तळे. त्या जिन्यावर सगळ्या गावाने हात टेकला होता. मालक अचानक गेले. नातेवाईक लांबचे, त्यांनी जागा सोडून दिली आणि म्हणाले, सामान तुम्ही बघा. आम्ही दोघांनी पाहिले. "मालकांनी मला म्हटलं होतं, हे सगळं तुझं." हे वाक्य आम्ही दोघांनीही म्हटले, आणि आजही मला वाटते की दोघेही खरे बोलत होतो. मालक कोणालाही काहीही म्हणायचे. एका संध्याकाळी त्याने पडदा गुंडाळून नेला. मी कॅमेऱ्याला कुलूप घातले आणि ती जागा माझ्या नावावर घेतली. पुढच्याच महिन्यात त्याने समोर दुकान थाटले. माझ्याकडे कॅमेरा, त्याच्याकडे पडदा, मध्ये रस्ता. लग्ने झाली, मुले झाली, रंगीत फिल्म आली, फिल्म गेली. आम्ही रोज एकाच वेळी शटर उघडायचो आणि एकमेकांच्या डोक्यावरून आभाळ बघायचो.

आता दवाखाना. प्रोस्टेटच्या किरणांआधी मूत्राशय भरलेले लागते. म्हणून आम्ही काही म्हातारे रोज बाकावर बसून बाटलीतून पाणी पीत असू. एक निवृत्त बसड्रायव्हर, एक शाळेतले चित्रकलेचे सर, एक बेकरीवाले, आणि मी. आत गेले की तंत्रज्ञबाई कमरेवरच्या शाईच्या ठिपक्यांवर रेषा जुळवायच्या, बाहेर जायच्या आणि भोंग्यातून म्हणायच्या, "काका, हलू नका हं." हे शब्द मी जन्मभर लोकांना ऐकवले. त्यावर लोकांचे नाक का खाजते, ते मला तिथे कळले. अंगाभोवती ते अवजड यंत्र फिरायचे आणि मी छताकडे बघत आमची मागची पायरी आठवायचो. डबे, ऊन, मालकांचा आवाज. त्या टेबलावर मी कधी आजाराचा विचार केला नाही. जागाच मिळाली नाही.

एके सकाळी बाकाच्या दुसऱ्या टोकाला उजेड येऊन बसला. वाळला होता. मी बाटलीकडे बघू लागलो, तो भिंतीवरच्या सूचनांकडे. असे काही दिवस गेले. त्याच्या हातात बाटली नसायची, एवढे माझ्या लक्षात आले होते.

मग एक दिवस यंत्र बिघडले. आमची मूत्राशये भरलेली, आणि भोंगा म्हणतो, "थोडं थांबा, होतच आलंय." ड्रायव्हर म्हणाले, "बाई, इथे माझा बांध फुटायची वेळ आली." सर मांडीवर मांडी टाकून डोळे मिटून बसले होते. बेकरीवाले उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. तेवढ्यात बाकाच्या टोकाकडून मालकांचा आवाज आला. तोच खणखणीत, तसाच्या तसा.

"अंधार! पाणी बदललंस का?"

मालक हे रोज ओरडायचे, ताटल्यांतले पाणी बदलायचे म्हणून. मला हसू फुटले, आणि त्या अवस्थेत हसू म्हणजे काय असते हे भोगलेल्यालाच कळेल. मी बाक घट्ट धरला आणि म्हणालो, "हसवू नकोस रे."

इतक्या वर्षांनी त्याच्याशी बोललेले हे माझे पहिले शब्द. तो थांबला नाही. "नळ जोरात सोड! अजून जोरात!" ड्रायव्हर पळत सुटले. सरांचे डोळे उघडले आणि त्यांतून पाणी वाहू लागले. तंत्रज्ञबाई बाहेर आल्या, आम्हाला बघून आत गेल्या.

सगळे पांगल्यावर मी त्याच्याजवळ सरकलो. विचारले, "तुझी बाटली?"

"मला लागत नाही. माझं कमरेच्या हाडाला देतायत. दुखणं कमी व्हावं म्हणून."

"आणि मूळ?"

"मूळ तुझंच. मी उशिरा दाखवलं." मग त्यानेच विचारले, "कॅमेरा आहे?"

"आहे. रोज पुसतो. पडदा?"

"आहे. उंदरांनी तळ्याचा एक कोपरा खाल्ला. जिना शाबूत आहे."

पुढे जे झाले त्याला सगळा रस्ता साक्षी आहे. माझे किरण संपले, त्या आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी कॅमेरा रस्ता ओलांडून त्याच्या दुकानात गेला. हातगाडीच्या एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला मुलगी, कारण पेटी एकाने उचलण्यातली नाही. "तुझ्याकडून खाली कर," असे त्यांना एकमेकांना थेट म्हणावे लागले, आई मध्ये नव्हती. पडदा उलगडला. बाकावरची सगळी मंडळी आली होती. ड्रायव्हरांनी टाय लावला होता. बेकरीवाल्यांनी केस काळे केले होते. सरांनी तळ्याचा खाल्लेला कोपरा बघून खिशातून रंग काढले आणि तिथे झुडूप उगवले. उजेडाने खुर्चीत बसूनच दिवे लावून घेतले. "ताई, डावा जरा वर. अजून. आता सावली बघ नाकाची." माझी मुलगी हा धंदा माझ्याकडून शिकली, पण दिव्याचे ते शिक्षण तिला माझ्याकडून मिळाले नव्हते. तिने त्या दुपारी जेवढे प्रश्न विचारले, तेवढे मला कधी विचारले नव्हते. मला मत्सर वाटला, आणि फार बरेही वाटले.

मी काळ्या कापडाखाली शिरलो. काचेवर सगळे उलटे दिसतात. जिना वर, म्हातारे खाली डोके करून लटकलेले, मधोमध उजेड. मी बाहेर आलो आणि म्हणालो, "हलू नका." कोणी हलले नाही. सगळ्यांना सराव होता.

सदर कॅमेरा तेव्हापासून तिथेच आहे. माझ्या पत्नीने मला हळूच विचारले होते, "तो तुमच्याआधी गेला तर? मृत्युपत्रात लिहून काय उपयोग?" म्हणून तो हयातीतच पोहोचवला. हे कलम केवळ हक्काच्या पुष्टीसाठी. त्याच्यामागे कॅमेरा आणि पडदा एकत्र राहावेत, वेगळे करू नयेत. तो म्हणतो, दोन्ही तुझ्या मुलीकडे जातील. ते त्याने त्याच्या मृत्युपत्रात लिहावे. बसवून लिहून घेण्याची जबाबदारी माझी.

कलम ७. निगेटिव्ह.

माळ्यावरच्या कपाटांत गावाचे चेहरे आहेत. ज्यांचे त्यांनी येऊन मोफत घेऊन जावेत, अशी पाटी मुलीने लावावी. न नेलेले फेकू नयेत. माझा स्वतःचा फोटो कुठे लावण्याची वेळ आलीच तर मोबाईलवरचा लावू नये. त्यात सगळ्यांचीच नाके मोठी येतात.

कलम ८. वाचन, आणि सहीची वेळ.

हा मजकूर मी काल टेबलावर दोन्ही मुलांना आणि पत्नीला वाचून दाखवला. कलम पाच संपल्यावर मुलगा म्हणाला, "मला स्टुडिओ नकोच होता, बाबा. त्या माळ्याच्या जिन्यावर तुम्ही अर्ध्यात थांबून धाप टाकता, ते मला बघवत नव्हतं." मुलगी त्याच्याकडे बघून म्हणाली, "मग तसं सांगायचं ना, गाढवा." त्याने तिच्यापुढची बशी आपल्याकडे ओढून तिचे बिस्कीट खाल्ले. लहानपणी समेट असाच व्हायचा. त्यांच्यात काय ठरले ते मला माहीत नाही. दोघे बोलत बोलत बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

उपचारानंतरची रक्ततपासणी झाली आहे. निकाल उद्या मिळणार आहे. वकील म्हणाले, निकाल बघून सही करा. मी आजच करत आहे. उद्या केली, तर कोणी म्हणेल घाबरून केली, किंवा कोणी म्हणेल आनंदाच्या भरात केली. आज मला काहीच माहीत नाही. दुपारचे ऊन टेबलावर आहे, ही समोर वाटाणे सोलते आहे, आणि जे माझे आहे ते कोणाला द्यायचे ते मला स्पष्ट दिसते आहे. याहून शुद्धीत मी पूर्वी कधी असल्याचे स्मरत नाही.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो बरोबर आहे, आणि राजीखुशीने सही करत आहे.

ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल, खिडकीकडची बाजू.
तारीख: निकालाच्या आदला दिवस.

सही: फोटोकाका

साक्षीदार पहिले: निवृत्त बसड्रायव्हर. फोटोकाकांनी माझ्यासमोर सही केली. मध्ये एकदा उठून जाऊन आले, ते मी समजू शकतो.

साक्षीदार दुसऱ्या: किरणोपचार विभागातील तंत्रज्ञ. मी काकांना रोज झोपवलं आणि रोज उठवलं. पूर्ण शुद्धीत आहेत. सही करताना मात्र हलत होते. हसत होते म्हणून.